करंगळीची रेघ

वूच शहरात मी धातू ओततो.
भट्टी नाही, ठिणगी नाही.
सिरिंजमधून, केसाएवढ्या नळीत, रबराच्या पोटात
गॅलियम आणि इंडियम:
दोघं एकत्र आले की घट्ट राहणं विसरतात.
सांडलाच थेंब, तर टेबलावर थरथरत बसतो
अंगावर पातळ साय धरून.
टोचली, तर आतून चकाकतो
आणि लगेच नवी धरतो.
माझ्या तीन शर्टांवर डाग आहेत. धुऊन जात नाहीत.

बोगुमिवाबाई, वय एकोणऐंशी.
एकतीस वर्षं सूतगिरणीत. तुटलेला धागा
यंत्र न थांबवता सांधायच्या.
आता उजवा हात मांडीवर,
कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.

करंगळीच्या पेरावर पट्टी चिकटवली.
"गार आहे," म्हणाल्या.
मग, "नाही. मीच गार."

बोट वाकलं की नळी ताणते,
ताणली की आतली वाट अरुंद होते,
अरुंद वाटेत वीज अडखळते,
ते अडखळणं पडद्यावर उमटतं.
एवढंच शास्त्र. बाकी सगळं नीट चिकटवणं.

"वाकवा."
बोट होतं तिथंच.
त्यांची मुलगी इरमिना खिडकीबाहेर बघू लागली.
पडद्यावरची रेघ मात्र उचलली,
तिळाएवढी.

"ट्राम गेली असेल," बाई म्हणाल्या.
खरंच गेली होती.
कपातला चमचा अजून किणकिणत होता.

मग आम्ही तिघं पुढच्या ट्रामची वाट पाहत बसलो.
इतक्या आतुरतेनं मी कधी
न चढायच्या गाडीची वाट पाहिलेली नाही.
ती आली. गेली.
चमचा गप्प होईपर्यंत थांबलो.

"आता."

बोट होतं तिथंच.
रेघ उचलली.

"पुन्हा."

पुन्हा.

इरमिना जवळ आली. आधी हाताकडे पाहिलं,
तिथं काही नव्हतं;
मग पडद्याकडे, मग परत हाताकडे,
जणू दोघांपैकी एक खोटं बोलतंय.

बाईंनी डाव्या हातानं पडदा स्वतःकडे वळवला.
चष्मा कपाळावर सरकवून, नाक टेकेल इतक्या जवळून,
चातीवरचं सूत पाहावं तसं पाहिलं.
"धागा आहे," म्हणाल्या.
"बारीक आहे, गाठाळ आहे.
आज जास्त ओढू नका."

पट्टी काढली. पेरावर लालसर चौकोन उरला,
तो त्यांनी झाकला नाही.

मी वहीत वेळ लिहिली: दहा वाजून बेचाळीस.
आणि शेजारी, कुणी विचारलंच तर,
ट्रामचीही.