वरची मूठ

डाकघरात एकतीस वर्षं मी वजनं केली.
राख्यांची जाड पाकिटं, औषधांची पार्सलं,
पाच ग्रॅम इकडचं तिकडं होऊ दिलं नाही.
महिना म्हणजे शिक्क्यातला आकडा,
रोज सकाळी चिमट्यानं बदलायचा.

निर्गुणाचे गुडघे धरले
आणि मांगलीच्या बुधवारची थैली माझ्या खांद्यावर आली,
तेव्हा वाटलं, यात काय मोठं,
तागडी मला ओळखते.

पहिल्याच बुधवारी काटवलं आणली,
गोल, भरलेली, दिसायला गोजिरी.
चिरली तर आतून लाल, बियांनी निबर.
निर्गुणा म्हणाली,
"काटवल डोयानं नाही घेवाचा जी, तळहातानं घेवाचा.
टोचला पायजे, पर लागला नाही पायजे."

मग दर बुधवारी
थैली तिच्या खाटेसमोर उलटी करायची
आणि तिनं बाजार वाचायचा.
सांबाराच्या मुळाशी ओली काळी माती:
"भागरताच्या विहिरीले पानी हाये अजून."
वास्त्यांचे काप एकीकडे जाड, एकीकडे कागदासारखे:
"कापनारा हात नवा दिसते.
तुळसाच्या घरी सून आली का?"
मी विचारून आलो.
आली होती, आठ दिवसांपूर्वी, गोंदियाकडची.

रिकामी थैली मात्र तिनं कधी जाऊ दिली नाही.
लिंबाच्या लोणच्याची बाटली,
कोणाच्या पोलक्याचे काज,
रायवंताच्या नातीला झबलं, जुन्या लुगड्याचं, मऊ.
मी टपाल पोचवल्यासारखा
पालापालाशी थांबत जायचो.

आणि रायवंता,
कार्तिकात शिंगाडे घेऊन बसणारी,
बोटं तळ्याच्या चिखलानं कायमची काळी,
काटा ठरायच्या आतच तागडी खाली ठेवायची
आणि वरून एक मूठ टाकायची:
"हे तुमचे नाही जी, डाकवाले. हे बाईचे."

बाईची मूठ सगळ्यांकडून यायची.
अंबाडीच्या लाल बोंडांची मूठ,
पुसात पोपटाच्या शेंगांची, त्यांच्यावर दव तसंच,
बोरं, त्यात दोन किडकी,
पळसाच्या द्रोणात चारं.
शिक्क्याशिवायचे महिने असे घरात येत राहिले.
तिची मूठ वेगळी बांधून आणायचो,
गाठ न चुकता.

या चैतात ती म्हणाली, आज मीच येतो.
देवाजीच्या ऑटोत खाली दोन उशा घातल्या,
तरी नाल्याच्या चढावर तिनं माझं मनगट इतकं आवळलं
की घड्याळाचा छाप उठला.

बाजारात पोचलो तर रायवंता उठून उभी राहिली.
गिऱ्हाईक तसंच सोडून.

निर्गुणा पोत्यावर बसली, मोह चिमटीत धरून वास घेतला.
"कसे देल्ले?"
"चाळीस."
मी मागच्याच बुधवारी पन्नासनं नेले होते.
टेंभरांचा वाटा वीस. मला पंचवीस.
भागरताचा सांबार पाच. मला, काय सांगू.

मी बोललो नाही. माझं तोंड बोललं असावं,
कारण तिघी आधी एकमेकींकडे बघू लागल्या
आणि मग अशा हसल्या की शेजारचा मिरचीवाला शिंकायचा थांबला.

"त्याहिले भाव करताच येत नाही, बाई.
मंग आमीच वरचे घेतो
आन तेवढ्याची मूठ तुमाले धाडतो.
हिशेब बराबर हाये, पायजे तं मोजा."

निर्गुणा हसता हसता गुडघा धरून बसली.
मी थैली धरून उभा,
वर्षभराचे बुधवार मनात जोखत.
फरक पाच ग्रॅमचाही निघेना.

येताना ऑटोत तिला डोळा लागला.
ओठाला टेंभराचा पिवळा गर तसाच.

पुढच्या बुधवारी एकटाच गेलो.
फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, चारं चाळीस.
आता वाचता येत होतं.
रायवंता म्हणाली, "पन्नास."
मी पन्नास काढून दिले
आणि थैलीचं तोंड
अजून थोडं उघडं धरून
थांबलो.