पाचवी खुर्ची

त्बिलिसीत, कोरड्या पुलावर, रविवारी जुनं सामान मांडतात:
पदकं, चमचे, जोडी हरवलेल्या बश्या,
कुणाच्या तरी आजोबांचे फोटो.
तिथे शाल्वापाशी, समोवारला टेकवलेलं
ओतारचं चित्र.

आधी तो पिवळा ओळखला.
छत्तीस वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं
की हा पिवळा बोलत नाही, ओरडतो;
की चार रिकाम्या खुर्च्या मांडून
एकटेपण येत नाही, फर्निचरचं दुकान येतं.
लोक हसले. संपादकांनी दोनदा वाचून दाखवलं.
मलाही ते वाक्य आवडलं, खोटं कशाला बोलू,
महिनाभर ते अंगात घालून हिंडले
नव्या कोटासारखं.

"फ्रेमचे द्या, नातेलाबाई," शाल्वा म्हणाला,
"चित्र फुकट."

उलटं केलं. मागच्या कापडावर
माझा लेख डकवलेला, सरसाने, एकही कड न दुमडता.
वाटलं, समासात शिव्या असतील.
नव्हत्या. 'चार'खाली एक रेघ,
आणि पेन्सिलीने, शाळामास्तरच्या अक्षरात:
पाच.

सुलटं केलं. मोजल्या.
टेबलाशी तीन. खिडकीत एक.
आणि दाराआड, तपकिरी रंग जिथे काळोखात विरतो,
तिथे एका पाठीची कड,
तिच्यावर कुणीतरी काढून ठेवलेली शाल.

म्हणजे कुणीतरी आलं होतं.
किंवा अजून गेलंच नव्हतं.
एवढंच तर चित्र होतं.

डोळ्यांत तेल घालून बघावं म्हणतात.
मी त्या दिवशी सगळं तेल शाईत ओतलं.
दालनात होते तरी किती वेळ?
खाली गाडी थांबलेली, अंगातला कोटही उतरवला नव्हता.

ओतार गेला तेव्हा मृत्युलेख मीच लिहिला,
पुरेशा आदराने.
त्यातही खुर्च्या चारच.

पिवळा अजून ओरडतो. ते मी मागे घेणार नाही.
मेलेल्या माणसाशी गोड बोलणं
हीसुद्धा न मोजण्याचीच एक तऱ्हा.

पण सोमवारी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले.
तिथल्या मुलीने विचारलं, कुठला अंक?
सांगितला.
"तेव्हा माझी आई शाळेत होती," ती म्हणाली.
म्हटलं, असेल. छाप.
एकच ओळ आहे.

शाल्वाला मी पैसे दिले ते चित्राचे,
फ्रेम फुकट घेतली.
त्याला हा हिशेब काही कळला नाही.
तरी बोटाला थुंकी लावून
त्याने नोटा दोनदा मोजल्या.