वीस मिनिटं

रविवार होता. रश्श्यावर नुकता कट आला होता
आणि मी परातीत पीठ मळत होतो,
कारण वैजयंता गडहिंग्लजला, मामांच्या बाराव्याला.
ओट्याची कड, पातेल्याचा कान, मनवाची उंची:
कसं झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही.
पातेल्याचा आवाज आठवतो.
तिचा आधी आलाच नाही.

मग आला.

मी लेथवर काम करतो, उद्यमनगरात, एकोणीस वर्षं.
चकमध्ये बाही अडकली तर ओढायची नसते,
आधी हात बटणाकडे.
हे शिकवणाऱ्या दत्तू मेस्त्रींना दोन बोटं नव्हती,
म्हणून मी ते ऐकलं होतं.

तर बटण कुठं आहे, एवढंच मी घरभर शोधलं.
नळ.

कपड्यांसकट मोरीत बसलो दोघं.
तिचा हात धारेखाली धरला, घड्याळात बघितलं.
अकरा सतरा.
वीस मिनिटं, असं सांगितलं होतं
कारखान्यात प्रथमोपचार शिकवायला आलेल्या बाईंनी.
आम्ही सगळे चहाची वाट बघत बसलेलो.

दार उघडंच. गल्ली आत आली.
कुणी कोलगेट, कुणी शाईची दौत, कुणी बटाटा किसून,
जमादार भाभी बर्फाचा डबा घेऊन,
आणि सगळ्यांचं एकच: अरे, कायतरी कर की!
मी करत होतो.
पाणी सोडून दुसरं काही न करणं,
इतकं अवघड काम मी लेथवर कधी केलेलं नाही.

"पप्पा, किती झाली?"
"चार."
"आता?"
"चारच."
मग विचारलं, बाकावर तुझ्या शेजारी कोण बसतं?
"आर्या. पण ती बोलत न्हाई सध्या.
तिचं खोडरबर मी हरवलो."
कुठं हरवलं, कसलं होतं, वास कसला होता त्याला,
सगळं विचारत गेलो.
दुसरीचं वर्ष संपत आलं होतं
आणि आर्या हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो.

नवव्या मिनिटाला धार बारीक झाली.
साडेअकराच्या आत पाणी जातं, हे वैजयंताला माहीत, मला नाही.
छातीत काहीतरी निसटलं. आवाज मात्र
पासबुक भरून देणाऱ्या माणसासारखा निघाला:
"भाभी, बॅरलमधलं. तांब्यानं. सावकाश. थांबायचं नाही."
आणि दौत कट्ट्यावर ठेवून शिंत्रे आजोबा घागर आणायला वळले,
कोलगेटवाल्या काकू तांब्या भरून देऊ लागल्या,
तीन घरांचं पाणी त्या एवढ्याशा मनगटावरून वाहिलं.

माझा पाय भाजला होता लहानपणी,
तेव्हा आमच्या अण्णांनी आधी एक ठेवून दिली होती,
मग मला खांद्यावर टाकून पळाले होते, अनवाणी.
ती थोबाडीत म्हणजे काय होतं
ते मला कितव्या तरी तांब्याला कळलं.

अकरा सदतीस.
धुतलेला पांढरा पंचा, रिक्षा, उमा टॉकीजचा सिग्नल,
सीपीआरची लांब रांग.
डॉक्टरीणबाईंनी वर न बघता विचारलं,
"शाई-बिई लावली नाही ना?"
नाही म्हटलं. त्यांनी लिहिलं काहीतरी.
"पुढचा."

फोनवर वैजयंताला सांगितलं, हात भाजलाय,
मलमपट्टी झाली, झोपलीय, तू जेवून नीघ.
ती म्हणाली, "तुझा आवाज असा का येतोय?"
"कसा?"
"सरळ."

रात्री फरशी पुसायला घेतली.
तवंग थिजला होता, फटींत लाल बसला होता,
मसाल्याचा वास खाली वाकल्यावर नाकात गेला
आणि हात थरथरायला लागले. दोन्ही.
फडकं धरवेना. तसाच बसून राहिलो,
पाठ सिलिंडरला टेकून.

आतून हाक आली,
"पप्पा, काय करालाय?"
"फरशी पुसतोय बाळा."
"मग आवाज का येईना?"

मी फडकं बादलीत बुडवलं
आणि पिळलं, उंच धरून,
तिला पाणी पडलेलं ऐकू जावं म्हणून.