रकाना

पहाटे सहाला मी रेडिओवर आकडे वाचतो.
बाटली एक: बारा. बाटली दोन: नऊ.
बाटली सात आलीच नाही, होडीचं इंजिन बसलं.
बाकीचं ऐकणाऱ्यांना कळतं.

चिलोएच्या या टोकाला समुद्र लाल होतो म्हणतात,
पण बहुतेकदा होतच नाही.
विष साध्या निळ्या पाण्यात असतं, शिंपल्याची चव तीच,
आणि ओठ बधिर झाल्यावर कळून उपयोग नसतो.
पूर्वी नमुने बोटीने पुएर्तो मोन्तला जायचे.
उत्तर नवव्या दिवशी.
नऊ दिवसांत माणूस एकतर उपाशी राहतो,
नाहीतर खाऊन बघतो.
आनिबालने खाऊन बघितलं होतं.

म्हणून यंत्र. यंत्र कसलं,
शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग, काच तडकलेला मोबाइल,
लोण्याचा रिकामा डबा, निळा दिवा.
यास्नाने रात्री जागून मोबाइलला मोजायला शिकवलं.
काय मोजायचं, ते तिला तरी कुठे ठाऊक!
ते प्रयोगशाळेतल्या एका पोराने सांगितलं,
साहेबाच्या नकळत, फोटो पाठवून पाठवून.
आणि पाणी कुठलं भरायचं, ते एदुविहिस म्हातारीने.
ती नुसतं बोट दाखवायची: तिथे.
का?
तिथे.

भांडणंही झाली. पहिल्या वर्षी यंत्र खोटं बोललं,
सोळा दिवस कुणाचा शिंपला विकला गेला नाही,
आणि ओत्तो कार्कामोने डबा उचलून धक्क्यावरून फेकला.
दुसऱ्या दिवशी ओहोटीला तोच
गुडघाभर चिखलात शोधत होता.
झाकणाला आता जे रबर आहे, ते त्याचं.

मग राजधानीतून बाई आल्या, फॉर्म घेऊन.
'शोधकर्त्याचे नाव': एक रकाना.
त्याखाली 'जबाबदार व्यक्ती': तोही एकच.
गाव करी ते राव न करी, खरं आहे,
पण गावाने केलेल्यावर शिक्का रावाचा लागतो.
बाई वाईट नव्हत्या. गारठ्याने नाक लाल झालेलं.
म्हणाल्या, उद्या हे चुकलं आणि एखादं मूल दगावलं,
तर मी कुणाचं दार ठोठावू?
प्रश्न खरा होता. किटली हातात धरून
यास्ना तशीच उभी राहिली.

एदुविहिस म्हणाली, घर ओढताना पाहिलंय कधी?
आम्ही घर सोडत नाही, घरच हलवतो,
ओंडक्यांवरून, पडद्यांसकट,
बैल, दोरखंड आणि सगळे शेजारी.
(इर्जिकच ती. फक्त शेताच्या जागी घर.)
माझं त्या टेकडीवरून इथवर आलं.
कुठल्या दोरीने आणलं, सांगा. तिचं नाव लिहिते.

बाई म्हणाल्या, आणि घसरून कुणी चिरडलं असतं तर?

म्हातारी बराच वेळ गप्प.
घसरलं होतं, म्हणाली. माझ्या दिराचा पाय.
त्याच्या चुलीची लाकडं अठरा वर्षं
दोरीला हात लावलेल्या सगळ्यांनी फोडली. पाळीपाळीने.

बाईंनी ते लिहून घेतलं.
कुठल्या रकान्यात, मला दिसलं नाही.

आम्ही एकतीस नावं दिली. माझंही, मी फक्त वाचतो तरी.
त्या पोराचं दिलं नाही. त्यानेच हात जोडले, नोकरी जाईल.
त्यांचा संगणक ठरलेल्या अक्षरांपाशी थांबतो,
म्हणून पोचपावतीवर छापून आलं:
एदुविहिस मिल्यालोंको, यास्ना बारिआ, ओत्तो का

चौदा महिन्यांनी नव्या नियमाचा मसुदा आला.
'व्यक्ती'पुढे दोन शब्द वाढलेत: 'किंवा समूह'.
समासात कुणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय,
पुसायचा प्रयत्नही केलाय.
हरकती कळवायला तीस दिवस.
ओत्तो म्हणतो, माझी हरकत एकच,
आडनाव पूर्ण लिहा.

बाटली सात: चार.
आज इंजिन चालू आहे. कुणी दुरुस्त केलं
ते विचारू नका, यादी लांबेल.