रात्रपाळीतला अभिप्राय

पुस्तक नारायण पेठेतल्या केळुसकरांच्या लायब्ररीतलं,
पाठीला खाकी कागद,
परतीची तारीख उलटून नऊ दिवस झालेले.
दिवसाला दोन रुपये.
रक्तपेढीत पावणेबाराला फ्रीज घुमतो
दोन ते सहा अंशांच्या मध्ये कुठेतरी,
आणि मी, हेमांगी तावरे, तंत्रज्ञ, वय एकोणपन्नास,
पान चौऱ्याऐंशीवर
एका पिशाच्चाच्या प्रेमात पडते आहे.

आधी खोट काढते. सवय.
लेखिकेनं रक्त पाहिलेलं नाही.
माणकासारखं, म्हणते ती. सात वेळा. मी मोजलं.
अहो, पिशवीतलं रक्त काळपट असतं,
जांभळाच्या सालीकडे झुकणारं,
आणि त्याचा नाण्यासारखा वास
साबणानं दोनदा धुऊनही बोटांत राहतो.
तीनशे वर्षं पितोय हा बाबा,
एकदाही कुणाचा गट विचारावासा वाटला नाही?
चवीत काही फरक नसेल?

बंगला वेताळ टेकडीच्या पायथ्याशी,
आणि इतक्या वर्षांत वेताळाची गाठ नाही.
शेजारधर्म म्हणून तरी!
नायिकेची आई पान बाविसावर
बहिणीकडे नाशिकला जाते,
ती परत आणायची लेखिका विसरली.

एकशे बाराव्या पानावर समासात पेन्सिलीनं:
“अमावस्येला चांदणं? संपादक झोपले होते काय?”
खाली वेगळ्या अक्षरात:
“चांदणं ताऱ्यांचंही असतं. शब्दकोश पाहावा.”
त्याखाली, शाईनं:
“पुस्तकात लिहू नये. वाचक क्र. ४१७.”

पण मग एकशे त्रेसष्ट.
कर्वेनगर, तिसरा मजला, लिफ्ट बंद,
कचऱ्याची बादली, चपलांचे जोड,
आणि हा दाराबाहेर उभा.
आतून कुणी “ये” म्हटल्याशिवाय
उंबरठा ओलांडता येत नाही त्याला.
ती म्हणत नाही.
नऊ पानं म्हणत नाही.
त्या नऊ पानांत एकही माणिक नाही,
फक्त फटीतून दिसणारे त्याचे बूट,
शेजारच्या कुकरची शिट्टी,
आणि कडीवर ठेवलेला तिचा हात, घाम आलेला.
हे जिनं लिहिलं
तिला बाकीची दोनशे चाळीस पानं मी माफ करते.

माझ्या दारात असं कुणी थांबलं नाही.
आमचे हे अठ्ठ्याण्णव साली
लॅचची किल्ली घेऊनच आले,
आत येऊन विचारलं, पंखा का बंद?

शेवटी तो तिला अमर करतो.
इथे माझं आणि लेखिकेचं फिसकटलं.
माझ्याकडच्या प्रत्येक पिशवीवर तारीख असते.
पस्तीस दिवस, मग फेकायची.
मुदत नसलेली वस्तू
मी फ्रीजमध्ये ठेवत नाही.

तीन वाजून दहा मिनिटं.
दारात एक मुलगा,
पायांत दोन वेगळ्या चपला, मुठीत चिठ्ठी.
आमच्या दारावर पाटी आहे:
‘विचारल्याशिवाय आत येऊ नये.’
तो विचारायचंही विसरलेला. नुसता उभा.
मी म्हटलं, ये.

बी निगेटिव्ह. बायको वर, लेबर रूममध्ये.
“माझं घ्या,” म्हणाला, “सगळं घ्या.”
सगळं कुणी घेत नाही रे, म्हटलं,
साडेतीनशे मिली, तेही सकाळी,
चहाबिस्किटं खाऊन.
फ्रीजमध्ये एक पिशवी होती. एकच.
क्रॉसमॅचला पाऊण तास लागतो.

तो बाकावर बसला.
हाताला काही हवं म्हणून
माझं पालथं पुस्तक उचललं, कुठूनतरी उघडलं.
मशीन फिरत होतं.
पिशवी घेऊन मी बाहेर आले तेव्हा
पान तेच होतं,
आणि पुस्तक उलटं धरलेलं.