भुकटी

चवथीला सोळा दिवस होते
आणि अंगणात माझी एकवीस घुमटं ओली.
तेव्हा तो आला, सिमेंटच्या गोणीत खापऱ्या घेऊन.
म्हटलं, बाबा, आम्ही कौलं करत नाही.
म्हणाला, कौल नहीं. मांदर.

एतवा लकडा. जिल्हा गुमला.
काम पर्वरीला, पुलाच्या सळ्या बांधायचं.
आयतारी जन्मला म्हणून एतवा,
आणि आयतारीच, वास्कोच्या गाडीत,
वरच्या बर्थवरून कुणाची तरी ट्रंक सरकली
ती नेमकी याच्या ढोलावर.

मापाला पट्टी नव्हती.
डावा हात कोपरापासून पसरला: एवढं लांब.
इकडचं तोंड रुंद, तिकडचं निमुळतं.
मग पोटातून एक आवाज काढला, खोल,
ओठांवरून दुसरा, कोरडा,
आणि माझ्याकडे बघत राहिला.
बापानं मलाही घुमट असंच शिकवलं,
आधी तोंडानं.

रुमालात दहा-विसाच्या नोटा, त्रेचाळीस जणांच्या.
प्रत्येक नोट नावानिशी मोजली त्यानं.
जाता जाता मोबाइलवर एक पान दाखवलं:
करम का पेड़, इधर मिलेगा?
अरे, हा तर आमचा कळंब,
मयेच्या तळ्यापलीकडे आहे.
फांदी तोडशील तर देवचाराला सोरो ठेव, विडी ठेव.
तो हसला. हमारा भी पीता है.

पहिला भट्टीत तडकला.
सोडणांच्या राखेतून काढला तर
या तोंडापासून त्या तोंडापर्यंत चीर.
बायको म्हणाली, चवथ तोंडावर,
आणि तुम्हाला परक्याची कामं.
खरंच होतं तिचं.

रात्री उठलो.
त्याच्या सगळ्या खापऱ्या उखळात घातल्या.
तांबूस, भरड माती. कंदिलापुढे अभ्रक चकाकलं.
कुटली, चाळली, आमच्या शेताच्या चिकणीत मळली.
जुनं भाजलेलं नव्याला धरून ठेवतं
हे कुंभाराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक;
मला आठवायला एक तडा लागला.

दुसरा शाबूत निघाला.
कातडं त्यानंच चढवलं, वादी दातांनी ओढून.

गणपती पाण्यात गेले, मग एकादशीला
मला न्यायला मोटारसायकल आली.
पत्र्याच्या खोल्या, मध्ये बादलीत कळंबाची फांदी.
त्यानं एकदाच थाप मारली
आणि दारं उघडायला लागली.
वेर्ण्याच्या गोळ्यांच्या कारखान्यातल्या पोरी,
थिवीच्या काजू भाजणाऱ्या,
एकाच नळावर दोन महिने पाणी भरून
एकमेकांचं गाव न विचारलेली माणसं.
कळंगुटला भांडी घासणारा एक पोरगा
सगळ्यांना सांगायचा मी दिल्लीचा.
साखळीत पहिला हात त्यानं धरला.

मध्येच एकदा साखळीत एक जागा मोकळी सोडली.
चैत्रात खांबावरून पडला, त्याची.
एतवानं तिथं थाप दिली नाही,
हात नुसता कातड्यावर ठेवला.
मुकादम शिटी वाजवायला आला होता,
शिटी तोंडात धरून उभाच राहिला.

माझा भाचा श्रीरंग लेस्टरला असतो.
स्वेटरांत गुंडाळून एक घुमट नेलंय त्यानं,
चवथीला बावीस जण त्याच्या हॉलमध्ये मावत नाहीत म्हणे.
फोनवर आरती ऐकवली.
मी म्हटलं, आवाज फुटका येतोय.
म्हणाला, मामा, गेल्या वर्षी पडलं ते,
टेप लावून चालवतोय.
तिथं कुणी कुंभार?
विचारतो, म्हणाला.

एक गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली नाही.
उखळात थोडी भुकटी उरली होती,
टाकवेना.
दिवाळीनंतरच्या मातीत मिसळली.
म्हणजे यंदा डिचोलीहून गेलेल्या घुमटांत,
आरतीच्या, मांड्यावरच्या, चर्चच्या फेस्ताच्या,
चिमूट चिमूट गुमला आहे.
वाजताना फरक पडत नाही.
मला पडतो.