उरलेलं रक्त

म्हसरूळच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर आधी खोकला,
मग भिंतीवर निळं पडलं.
आम्ही अठरा जण. मी दातांची डॉक्टर,
शेजारी निखत, आकडेवारीतली,
मागे एक वकील, चहापुरता जागा.

देवरे मॅडमनी फळ्यावर लिहिलं : आहे.
गायधनी सरांनी हातभर जागा सोडून लिहिलं : पाहिजे.
मधल्या जागेवर खडू टेकवून मॅडम म्हणाल्या,
"पुढचे सहा महिने तुमचा मुक्काम इथे."
कुणी हसलं नाही. थंडी होती,
खिडकीबाहेर चामरलेण्यांचा डोंगर
कमरेपर्यंत धुक्यात.

माझी फाइल जाड होती.
पेठ तालुका, सहा पाडे, सिकलसेलची तपासणी.
बाळाच्या तपासणीला घेतलेल्या रक्तातलं
जे उरेल ते पुढच्या संशोधनाला ठेवू का?
सत्तेचाळीस आयांना विचारलं.
त्रेचाळीस हो.
एक्क्याण्णव पूर्णांक पाच टक्के,
ते मी ठळक केलं होतं.

"हो कसं म्हणाल्या?" मॅडमनी विचारलं.
कसं म्हणजे?
"रेकॉर्डिंग लाव."

त्या गार हॉलमध्ये झिपरीबाई भोयेचा कोंबडा आरवला.
मग माझाच आवाज, घाईतला, शहाणा,
फॉर्मचा दुसरा परिच्छेद वाचणारा.
मध्येच ती : "रक्त उरतं व्हय, ताई?"
मी : "हो, थोडंसं." आणि तिसरा परिच्छेद.
भांडं वाजलं. मग ती :
"इतक्या लांबून आले तुम्ही. नाय कसं म्हनायचं?"
अंगठ्याला आवाज नसतो.
शाईच्या डबीचं झाकण तेवढं ऐकू आलं.

निखत म्हणाली, ह्याला कोड द्यावा लागेल.
दोन रात्री आम्ही सगळे होकार पुन्हा ऐकले,
'पाहुणचार' असा नवा रकाना पाडला.
सोळा होकार तिकडे गेले.

मला सुटका हवी होती. सरांना गाठलं :
पाहुणचाराचा होकार खोटा असतो का?
ते पोह्यांवरची शेव बाजूला सारत होते.
"माझी आई आयुष्यभर असंच हो म्हणाली.
खोटं म्हणवत नाही. पण ती फार दमायची."
एवढंच. पुस्तकातलं काही नाही.

पुन्हा गेले, सावळघाट ओलांडून.
गाडी लांब उभी केली,
आशाताईंना अंगणाबाहेर थांबवलं.
आधी सांगितलं, नाही म्हटलंस तरी
तपासणी तीच, औषध तेच,
आणि मला राग येणार नाही.
हे शेवटचं कुठल्याच फॉर्मवर नव्हतं.

झिपरीबाईनं नागलीची भाकरी पुढे केली.
"मंग नको ठेवू. त्याचं हाय ते."
तो माझ्या पेनाकडे रांगत येत होता.
भाकरी गरम होती. मला गिळायला वेळ लागला.

चौदा जणींनी होकार मागे घेतला.
त्यातल्या पाच आमच्या रकान्यात नव्हत्याच.
आणि रकान्यातली पुतळाबाई गावित भडकली :
"एकदा हो म्हनलं ना? माझा शब्द
तुला दोनदा मोजावा लागतो?"
तिघी म्हणाल्या, ठेव,
पण कशाला वापरलं ते येऊन सांगायचं.
त्यांच्यासाठी जागाच नाही तक्त्यात.
सर म्हणतात, तू आख.
मॅडम म्हणतात, आधी आणखी दहा जणींना विचार.
दोघंही बरोबर असतात, ह्याचा वैताग येतो.

आज उणे ऐंशीतून चौदा नळ्या काढल्या.
हातमोज्यातूनही बोटं पोळली.
नोंदवहीत 'कारण', अर्ध्या इंचाचा रकाना.
फुटली, सांडली, मुदत संपली,
एवढंच छापलेलं.
'इतर'वर खूण केली
आणि बारीक अक्षरात, चौदा वेळा, लिहिलं :
उरलेलं नव्हतं.